जुन्या ऑसिलोस्कोपचा वीजपुरवठा दुरुस्त करताना: माझा अनुभव

1970च्या दशकातील बनावटीचा, दोन चॅनलांचा ऑसिलोस्कोप (विद्युत संकेत पडद्यावर रेघेच्या रूपात दाखवणारे उपकरण) माझ्याकडे आला तेव्हा त्याचा पंखा फिरत होता आणि पॅनेलवरचा दिवा लागत होता, पण पडद्यावर रेघ उमटत नव्हती. अशा वेळी पडद्याची ट्यूबच गेली असावी असे मन पटकन ठरवून टाकते. मी आधी बीम फाइंडरचे, म्हणजे पडद्याबाहेर गेलेला किरण आत ओढून दाखवणारे, बटण दाबले आणि पडद्याच्या कोपऱ्यात अंधूक ठिपका दिसला. याचा अर्थ ट्यूब आणि तिचा काही हजार व्होल्टचा पुरवठा जिवंत होता. किरण फक्त पडद्याबाहेर फेकला जात होता.

झाकण काढल्यावर पहिले काम म्हणजे बंद स्कोपमधील मोठे फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करणे आणि ते खरोखर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करणे, कारण प्लग काढल्यानंतरही त्यांत धोकादायक चार्ज शिल्लक राहू शकतो. त्यानंतर सिरीज बोर्डावर, म्हणजे मेन लाइनमध्ये बल्ब जोडून, स्कोप सुरू केला आणि चाचणी बिंदूंवर व्होल्टेज मोजले. +15 व्होल्टच्या रेलवर (ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या लाइनवर) जेमतेम 0.4 व्होल्ट मिळत होते, तर बाकीच्या रेल जवळपास बरोबर होत्या.

येथे रेग्युलेटरचा, म्हणजे रेलचे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाचा, ट्रान्झिस्टर बदलण्याचा मोह होतो, पण तो घाईचा ठरतो. शॉर्ट झालेल्या भारासमोर करंट मर्यादित करणारा रेग्युलेटर व्होल्टेज खाली आणतो, आणि मग चोख काम करणारा भागच बिघडलेला वाटू लागतो. स्कोप बंद करून रेल ते ग्राउंड रोध मोजला, तो एका ओहमच्याही खाली होता. म्हणजे रेलवर लटकलेले काहीतरी शॉर्ट झाले होते आणि माझा संशय टँटलम कपॅसिटरवर होता, कारण ते बहुधा शॉर्ट होऊनच निकामी होतात.

अशा रेलवर टँटलम जागोजागी असतात आणि एकेक उपसून पाहणे जुन्या बोर्डाच्या तांब्याला सोसत नाही. म्हणून, स्कोप बंदच ठेवून, बाहेरच्या पुरवठ्यातून अर्ध्या व्होल्टच्या आतच, करंटची मर्यादा घालून रेलमध्ये प्रवाह सोडला. एवढ्या कमी व्होल्टेजला सिलिकॉनचे जंक्शन सहसा वाहत नाहीत, त्यामुळे जवळपास सगळा करंट शॉर्टकडेच जातो. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून तांब्याच्या पट्टीवरून प्रोब पुढे सरकवत गेलो. आकडा हळूहळू उतरत गेला आणि व्हर्टिकल (रेघ वर-खाली हलवणाऱ्या) बोर्डावरील एका पिवळ्या थेंबासारख्या कपॅसिटरपाशी येऊन थांबला. त्याच्या पुढे करंटच नसल्याने आकडा बदलत नव्हता. त्याचा एक पाय सोडवताच रेलचा रोध वर चढला. शोधाची ही पद्धत मला फार आवडते, कारण तीत अंदाजाला जवळजवळ जागाच राहत नाही.

त्या जागी दुप्पट व्होल्टेजच्या क्षमतेचा नवा कपॅसिटर बसवला आणि रेघ परत आली, मात्र ती किंचित थरथरत होती. मीटर एसीवर ठेवून पाहिले तर +5 व्होल्टच्या रेलवर रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, जास्त होता. पूर्णतरंग रेक्टिफायर असल्याने 50 हर्ट्झच्या मेनवर हा रिपल 100 हर्ट्झचा असतो, आणि तो वाढला की बहुतेकदा मुख्य इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेला निघतो. तो बदलल्यावर रेघ स्थिर झाली.

संदर्भ व्होल्टेजच्या ट्रिमरला (ते जुळवण्याच्या छोट्या स्क्रूला) मी हात लावला नाही. ते व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेत होते, आणि टाइमबेस (रेघेचा आडवा वेग) व व्हर्टिकल गेन (उभी वाढ) यांचे कॅलिब्रेशन त्यावरच उभे असल्याने तो फिरवला असता तर सारेच नव्याने जुळवावे लागले असते.