उजवं हलकं, डावं घट्ट

शुक्रवार, पहाटे साडेपाच

मे महिन्यात जळगावात रियाज करायचा तर हीच वेळ. नऊ-दहानंतर गच्चीवर पाय ठेववत नाही, आणि खाली कूलरसमोर बसलं की गिटार सुरात राहत नाही. कोरड्या हवेत लाकूड आखडतं, कूलरच्या ओलाव्याने फुगतं, आणि नायलॉनच्या तारा त्याच्यामागे वरखाली होत राहतात. म्हणून गेले तीन आठवडे पाण्याच्या टाकीशेजारी स्टूल टाकून बसते आहे.

तीन आठवडे एकाच गोष्टीवर घालवले: आर्टिफिशियल हार्मोनिक्स, म्हणजे डाव्या हाताने दाबलेल्या तारेला उजव्या बोटाचा नुसता स्पर्श ठेवून काढलेले वरचे स्वर. मिगेल ल्योबेट (१८७८–१९३८) या कॅटलन वादकाने गिटारसाठी बांधलेली ‘एल तेस्तामेंत द’आमेलिया’ ही लोकधून मला नीट वाजवायची आहे. मरणाला टेकलेल्या आमेलियाचं ते गाणं. धून आधी साध्या स्वरांत येते आणि मग तीच हार्मोनिक्समध्ये परत येते, जणू कुणी लांबून गुणगुणतंय. ती परत येण्याची जागा माझ्याकडून दर वेळी फिसकटत होती. पाच स्वरांतले दोन घुमायचे, तीन ठप्प.

मोकळ्या तारेवरचे हार्मोनिक्स मला पहिल्यापासून सोपे गेले. बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, नेमकं वर बोट टेकवायचं, तार छेडायची, बोट उचलायचं. तार मधोमध दोन भागांत कंप पावते आणि वरच्या सप्तकातला स्वर निघतो. लहानपणी मावशीच्या तंबोऱ्याला कान लावून खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार मी कितीदा ऐकलाय. त्याच घरातलं हे लेकरू, फक्त इथे हवा तो अंश आपण बोटाने निवडून घेतो.

पण डाव्या हाताने फ्रेट दाबला की तारेचा मध्य सरकतो. माझ्या गिटारची तार ६५० मिलिमीटरची. पहिला फ्रेट दाबला तर साधारण ६१३ उरते आणि मध्य येतो तेराव्या फ्रेटवर. तिसरा दाबला तर पंधराव्यावर. दाबलेल्या जागेत बारा मिळवायचे, हिशोब एवढाच. उजव्या तर्जनीचं टोक त्या पट्टीवर टेकवायचं, छेडायचं अनामिकेने, म्हणजे अंगठा खालच्या स्वरांसाठी मोकळा राहतो. आठव्या फ्रेटला मात्र पंचाईत होते. विसावा फ्रेट माझ्या गिटारवर नाहीच, एकोणिसाव्यावर संपतात. तिथे शेवटच्या पट्टीपासून १२ मिलिमीटर पुढे, नुसत्या अंदाजाने बोट टेकवावं लागतं.

इतके दिवस सगळा दोष मी उजव्या हाताला देत होते. त्यातला काही खराही होता. माझी अनामिका तर्जनीला चिकटून छेडायची, त्यामुळे स्वर किरटा यायचा. टेकवलेली जागा आणि ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा बांधलेल्या असतात ती पट्टी) यांच्या मधोमध छेडलं तर स्वर सगळ्यांत भरीव येतो. माझा पंजा तेवढा पुरत नाही, पण तर्जनी सरळ ताणून अनामिका जमेल तितकी मागे नेली तरी फरक लगेच ऐकू येतो. हे जमलं. तरी तिसरी तार मुकीच. ती तशीही तिन्ही नायलॉनच्या तारांत सगळ्यांत जाड आणि मंद बोलणारी.

मंगळवारी मोबाईल समोर ठेवून व्हिडिओ काढला आणि कारण दिसलं. डाव्या बोटाने तार दाबली की नख पांढुरकं होतं. उजवी तर्जनी तारेवर अलगद टेकली, त्याच क्षणी डाव्या हाताचं नख पुन्हा गुलाबी झालं. एक हात हलका झाला की दुसराही सैल पडत होता. मी नजर सगळा वेळ उजवीकडे ठेवून बसलेली, मला कधी कळलंच नाही. दाबलेली तारच ढिली, मग मध्य कितीही अचूक गाठला तरी स्वर कुठून येणार!

काल दुपारी आईने वाळवणाला बिबडे घातले होते. संध्याकाळी ते वाळलेत का बघायला ती वर आली. डाव्या हाताने तिने कपड्याचं टोक घट्ट ताणून धरलं आणि उजव्या बोटाने एकेका बिबड्याला नुसता स्पर्श करत गेली. लागलं न लागलं की बोट वर. मी पण एकाला बोट लावलं, तर म्हणाली, “दाबू नको व माय, वल्लं हाये अजून.” माझ्या बोटाचा ठसा त्यावर राहिलाच. तिच्या एकाही बिबड्यावर ठसा नव्हता, आणि कपडा शेवटपर्यंत ताठ. दोन हात दोन वेगळी कामं करत होते, आणि तिला त्याचा विचारही करावा लागत नव्हता. मी कितीतरी वेळ तिच्या हातांकडे बघत उभी राहिले.

आज पहाटे धून बाजूला ठेवली. फक्त तिसरी तार, तिसरा फ्रेट. आधी डावं बोट गरजेपेक्षा जास्त जोरात दाबायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. मग उजवं टेकवायचं, छेडायचं, उचलायचं. नजर या वेळी डाव्या नखावर. पंधरावा फ्रेट न बघता सापडेना, म्हणून पहिले वीसेक स्वर वायाच गेले. नंतर तर्जनीला जागा कळायला लागली. शंभर वेळा केलं असेल. सत्तरच्या आसपास एक स्वर असा आला की टाकीच्या पत्र्यातूनही तो ऐकू आला. त्यानंतर सलग सहा आले. दाब मग हळूहळू कमी करत नेला, नख गुलाबी होईपर्यंत नाही, त्याच्या थोडं अलीकडे थांबले.

साडेसातला ऊन स्टुलापर्यंत आलं. करंगळीने दाबायचे स्वर अजून बाकी आहेत, तिचं नख दाबलं तरी नीट पांढरं होत नाही. उद्या तिच्यापासून सुरुवात.