‘ला’, ‘पासून’, ‘पर्यंत’ आणि इंग्रजी प्रिपोझिशन

इन, ऑन, ॲटचा तक्ता बहुतेकांचा पाठ असतो. महिना-वर्षाला इन, वार-तारखेला ऑन, घड्याळातल्या वेळेला ॲट. तरी ईमेल लिहायला बसलं की ‘वुई विल डिस्कस अबाउट धिस ऑन नेक्स्ट मंडे’ असं वाक्य हातून जातंच. यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही ठिकाणी प्रिपोझिशन चुकीचं निवडलेलं नाही. ते तिथे मुळात नकोच होतं. डिस्कस हे क्रियापद थेट विषयावर जातं, आणि नेक्स्ट, लास्ट, धिस, एव्हरी यांच्यापैकी काही आलं की वाराआधीचं ऑन गळून पडतं.

मध्यम पातळीवरच्या चुका तक्त्याने सुटत नाहीत, कारण त्यांचं मूळ आपल्या विभक्तीत आहे. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो: घर, घरात, घराला, घरापासून. त्यामुळे ‘या नामाला कोणतं प्रिपोझिशन?’ असाच प्रश्न आपल्याला पडतो. स्थळ-काळ सोडला तर हा प्रश्नच चुकीचा आहे. डिपेंड ऑन, गुड ॲट, रिस्पॉन्सिबल फॉर, अफ्रेड ऑफ, मॅरिड टू: इथे प्रिपोझिशन ठरवतो तो आधीचा शब्द. ‘गणितात चांगला’मधला ‘त’ पाहून गुड इन लिहिलं की फसलो. ‘सापाला घाबरतो’मधल्या ‘ला’वरून अफ्रेड टू, ‘त्याच्याशी लग्न’मधल्या ‘शी’वरून मॅरिड विथ, सगळी एकाच माळेतली मंडळी.

‘ला’ तर सगळ्यात दगाबाज. तिला विचारलं, तिला सांगितलं, तिला भेटलो, तिला समजावलं, चारही ठिकाणी मराठीत ‘ला’च. इंग्रजीत आस्क्ड हर, टोल्ड हर, मेट हर, इथे मध्ये काही नाही. पण एक्स्प्लेनला टू लागतं: ‘एक्स्प्लेन मी द रूल’ चूक, ‘एक्स्प्लेन द रूल टू मी’ बरोबर. से आणि सजेस्ट यांचंही तसंच. ही तीन क्रियापदं वेगळी लक्षात ठेवली तर बराचसा गोंधळ मिटतो.

डिस्कस अबाउट इतकं चिवट का, याचं एक कारण मराठीत आहे (‘विषयावर चर्चा केली’), पण दुसरं इंग्रजीतच दडलेलं आहे. डिस्कशन या नामाला अबाउट चालतं, डिस्कस या क्रियापदाला नाही. अशा जोड्या बऱ्याच आहेत आणि त्या एकत्रच शिकाव्यात. रिक्वेस्ट हेल्प, पण अ रिक्वेस्ट फॉर हेल्प. डिमांड पेमेंट, पण अ डिमांड फॉर पेमेंट. एम्फसाइझ द पॉइंट, पण एम्फसिस ऑन द पॉइंट. व्हिजिट द म्युझियम, पण अ व्हिजिट टू द म्युझियम. आन्सर द क्वेश्चन, पण द आन्सर टू द क्वेश्चन. लॅक एक्स्पीरियन्स, पण अ लॅक ऑफ एक्स्पीरियन्स. नियम सरळ आहे: या जोड्यांत क्रियापद थेट कर्मावर जातं, नामाला मात्र मध्ये पूल लागतो. चूक होते ती नामाचा पूल क्रियापदाला जोडल्यामुळे. एंटर द रूम यातच बसतं. अपवाद करारांच्या भाषेतला, तिथे एंटर इन्टू ॲन ॲग्रीमेंट असंच म्हणतात.

उलट्या बाजूची चूक जास्त अवघड, कारण ती कानाला खटकत नाही. ‘धिस इज द हाउस आय लिव्ह.’ ‘द पर्सन आय स्पोक वॉज हेल्पफुल.’ शेवटचं इन आणि मधलं टू गायब. मराठीत ‘ज्या घरात मी राहतो’ म्हणताना ‘त’ आधीच ‘ज्या घरा’ला चिकटून पुढे गेलेला असतो, मागे एकटा ‘त’ उरू शकत नाही. इंग्रजीत प्रिपोझिशन क्रियापदापाशीच थांबतं, नाम पुढे निघून गेलं तरी. म्हणून द हाउस आय लिव्ह इन, अ पेन टू राइट विथ, नोबडी टू टॉक टू. पॅसिव्हमध्येही तेच: ही वॉज लाफ्ड ॲट, द प्रॉब्लेम वॉज डेल्ट विथ. तपासायचं असेल तर वाक्य सरळ करून पाहा. आय लिव्ह इन द हाउस असं होत असेल, तर उलट्या वाक्यातही इन हवंच. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको, असं कोणी सांगितलं तर दुर्लक्ष करा. जॉन ड्रायडन या कवीने १६७२ मध्ये अशा वाक्यांना नावं ठेवली होती. इंग्रजी बोलणारे तेव्हाही तसं बोलत होते आणि आजही बोलतात.

‘पासून’ने सिन्स आणि फॉर यांची गल्लत होते. ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘२०१९ पासून’ दोन्हीकडे ‘पासून’. कसोटी मराठीतच आहे: ‘पासून’ काढून ‘गेली पाच वर्षं’ म्हणता येतं का? येत असेल तर फॉर. ‘गेली २०१९’ होत नाही, म्हणून तिथे सिन्स. काळाचीही एक मेख आहे. आपण ‘राहतो’ म्हणतो, पण इंग्रजीला आय हॅव लिव्ह्ड किंवा हॅव बीन लिव्हिंग लागतं. प्रिपोझिशन बरोबर आणि काळ चूक अशी अर्धवट दुरुस्ती फार दिसते.

‘पर्यंत’ तर सरळ अर्थच बदलतो. शुक्रवारपर्यंत थांबा म्हणजे अनटिल, शुक्रवारपर्यंत अहवाल पाठवा म्हणजे बाय. क्रिया तोवर चालू राहणार असेल तर अनटिल, तोवर उरकायची असेल तर बाय. ‘सेंड द रिपोर्ट अनटिल फ्रायडे’ लिहिलंत तर समोरच्याने शुक्रवारपर्यंत अहवाल पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं, असा अर्थ निघतो. नकार आला की मामला फिरतो: इट विल बी रेडी बाय फ्रायडे, पण इट वोन्ट बी रेडी अनटिल फ्रायडे. दुसऱ्या वाक्यात ‘तयार नसणं’ शुक्रवारपर्यंत चालू राहतं, म्हणून अनटिल.

‘ने’ला फार वेळ द्यायला नको. वाहनाचा प्रकार सांगताना बाय आणि मध्ये आर्टिकल नाही: बाय बस, बाय कार. गाडी कोणाची ते आलं की इन माय कार. हत्यार किंवा साधन हातात असेल तर विथ: विथ अ नाइफ.

मग लुक फॉरवर्ड टू. इथे मीट लिहायचं की मीटिंग? टूच्या पुढे एखादं नाम ठेवून पाहा. आय लुक फॉरवर्ड टू द पार्टी चालतं, म्हणजे हे टू प्रिपोझिशन आहे, आणि त्याच्यामागून क्रियापद आलं तर आयएनजी लागणार. ऑब्जेक्ट टू, कमिटेड टू, विथ अ व्ह्यू टू यांनाही हीच कसोटी लागू. आय वॉन्ट टू द पार्टी चालत नाही, म्हणून वॉन्ट टू गो. यूज्ड टू मात्र दोन्हीकडचं आहे: आय यूज्ड टू ड्राइव्ह म्हणजे पूर्वी चालवायचो, आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग म्हणजे सवय आहे.

सरावासाठी वहीत इंग्रजी प्रिपोझिशनांऐवजी मराठी प्रत्ययांचे मथळे करा: ला, वर, ने, शी, पासून, पर्यंत, त. झालेली प्रत्येक चूक तिच्या प्रत्ययाखाली अख्ख्या वाक्यात लिहा. सुटी जोडी लिहिली तर ती वापरताना आठवत नाही. रोज पाच वाक्यं मराठीत उतरवून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मूळ न बघता परत इंग्रजीत आणा. दुसरा व्यायाम आठवड्यातून एकदा: साधारण १५० शब्दांचा उतारा घ्या, सगळी प्रिपोझिशनं खोडा, पण रिकामी जागा ठेवू नका, शब्द सलग लिहा. रिकाम्या जागा भरण्यात ‘कोणतं’ एवढंच तपासलं जातं. सलग उताऱ्यात ‘इथे काही हवं की नको’ हेही ठरवावं लागतं.

शंका आली तर शब्दकोशात ऑन किंवा ॲट शोधू नका, तिथे पानभर अर्थ निघतील. आधीचा शब्द शोधा. शिकणाऱ्यांसाठीच्या कोशांत डिपेंडखाली ऑन आणि अपॉन ठळक छापलेले असतात. आणि क्रियापदाखाली प्रिपोझिशन दिलेलंच नसेल, तर पुढची उदाहरणं वाचा. तिथेही ते नसलं, तर तुम्ही घातलेलं खोडून टाका.