वरचा दोरा, खालचा दोरा

आजीचं सिंगरचं मशीन आमच्या हॉलमध्ये टेबल म्हणून नांदतंय. मशीन आत दुमडलेलं, वर फुलदाणी. पट्टा केव्हाच तुटला. आजोबांनी ते हप्त्याने घेतलं होतं, आणि त्या हप्त्यातले चार आणे तरी व्हेनिसला पोचले असणार, असं मी अलीकडे घरात सांगतो. कुणी मनावर घेत नाही.

पण बात अगदीच हवेतली नाही. फ्रान्सिस पुलँक या फ्रेंच संगीतकाराने 1932 साली दोन पियानो आणि वाद्यवृंदासाठी एक काँचेर्टो लिहिला, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीने मुख्य वादकांनी वाजवायची रचना. तो लिहून घेतला प्रिन्सेस द पोलिन्याक यांनी. बाई मूळच्या विनारेटा सिंगर, शिलाई मशीनवाल्या आयझॅक सिंगरची लेक. लग्न करून फ्रेंच सरदारघराण्यात गेल्या आणि स्ट्राविन्स्की, साती, फाया अशा संगीतकारांकडून नवंनवं संगीत लिहून घेण्यात माहेरचा पैसा लावला. आमच्याकडे त्याच नावाच्या मशीनवर परकर, अभ्रे आणि शाळेच्या चड्ड्या निघाल्या.

5 सप्टेंबर 1932 ला व्हेनिसमध्ये तो काँचेर्टो पहिल्यांदा वाजला. एका पियानोवर स्वतः पुलँक, दुसऱ्यावर त्याचा लहानपणचा मित्र झाक फेव्रिए. सगळा मिळून वीसेक मिनिटांचा ऐवज. सुरुवातीलाच वाद्यवृंद दोन सणसणीत थपडा देतो आणि दोन्ही पियानो सैरावैरा धावत सुटतात. पहिल्या भागाच्या शेवटी मात्र सगळं एकदम निवतं आणि पितळी भांड्यांवर पाणी ठिबकावं तसे सूर येत राहतात. आदल्या वर्षी पॅरिसच्या वसाहतींच्या प्रदर्शनात पुलँकने बालीचं गॅमेलान, म्हणजे तिथला धातूच्या तालवाद्यांचा ताफा, ऐकलं होतं, ते इथे उतरलंय. लगेच पुढचा लार्घेत्तो, म्हणजे संथ दुसरा भाग, थेट मोझार्टच्या अंगणात. हा माणूस उसनं घेताना लाजत नाही, म्हणूनच मला आवडतो.

जुगलबंदी ऐकत वाढलेल्या कानाला आधी हे जड जातं. सतार आणि सरोद असली की कोण काय म्हणालं ते कळतं, दाद कुणाला द्यायची तेही कळतं. इथे दोन्हीकडे तेच वाद्य, तोच आवाज. शिवाय पियानोचा सूर हातोडीच्या ठोक्यानेच जन्मतो, त्यामुळे दोघांत केसभर मागेपुढे झालं की एकाऐवजी दोन ठोके ऐकू येतात. आणि वादक शेजारी नसतातच. आख्खे पियानो मध्ये घालून समोरासमोर बसलेले. पुलँक आणि फेव्रिएचं म्हातारपणचं कृष्णधवल चित्रीकरण आहे. शाळेतली दोन मुलं मास्तरांची नजर चुकवून मस्ती करताहेत असंच वाटतं.

परवा ते बघताना आजी आठवली. टीप बिघडली की ती कापड उलटं करून बघायची. "वरचा ओढतोय," म्हणायची, आणि वरच्या दोऱ्याला ताण देणारी चकती जराशी सैल करायची. मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. सुई वरचा दोरा कापडाखाली नेते, वर येताना त्याचा फासा पडतो, तो फासा शटल, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ बाळगणारा भाग, पकडतं आणि खालच्या दोऱ्याभोवती फिरवून आणतं. दोघांचा ताण जमला तर गाठ कापडाच्या पोटात राहते. नाहीतर खालचा दोरा वर तोंड काढतो. तसं शिवणकामातलं मला काहीच येत नाही, पण हे कळल्यावर लार्घेत्तो पुन्हा लावावासा वाटला.

ठरवलं होतं, की धून एका पियानोकडून दुसऱ्याकडे नेमकी कुठे जाते ते पकडायचंच. दोनदा हुकलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून बसलो होतो, तेवढ्यात बायकोचा आवाज आला, "फुलदाणी खाली का ठेवलीय? आणि मशीन कुणी वर काढलंय?"