रंग ठरायच्या आधी

नवं काम आलं की आमच्या लंडनच्या डिझाइन स्टुडिओत सुरुवातीचे काही दिवस कोणी रेघसुद्धा ओढत नाही. ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय याचा कागद, हातात पडलं की क्रिएटिव्ह डायरेक्टर ते बाजूला ठेवते आणि क्लायंटला सरळ विचारते, ‘तुम्हाला पैसा नेमका कुठून मिळतो? आणि जातो कुठे?’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा जरा आगाऊपणाच वाटला होता. आता पटलंय, डिझाइन करायचं तर आधी धंदा समजायला हवा.

अलीकडचंच एक काम सांगते. एका सबस्क्रिप्शन सेवेला ॲपची होम स्क्रीन ‘फ्रेश’ करून हवी होती. खोदून विचारल्यावर कळलं की नवे ग्राहक भरपूर येतात, पण पहिल्या महिन्यानंतर बरेच जण सोडून जातात. ग्राहक आणायला जो जाहिरातखर्च झाला, तो वसूल व्हायच्या आतच ग्राहक गायब! होम स्क्रीन कितीही देखणी केली असती तरी ही गळती थांबली नसती. मग सगळा जोर नोंदणीनंतरच्या पहिल्या आठवड्यावर दिला. कोणता मेसेज कधी जावा, ग्राहकाचं ॲपमधलं पहिलं काम किती टप्प्यांत उरकावं, हे आधी ठरलं. शिवाय ‘रद्द करा’च्या शेजारी ‘महिनाभर थांबवा’ असं एक बटण आलं. ते द्यायचं की नाही यावर फायनान्सवाल्यांशी दोन मीटिंगा झाल्या. बटणाचा रंग पाच मिनिटांत ठरला.

ब्रिटनमध्ये डिझाइनकडे धंद्याचा भाग म्हणून बघायची सवय जुनी आहे. आजची डिझाइन कौन्सिल १९४४ साली, युद्ध चालू असतानाच, सरकारने स्थापन केली ती उद्योगांचा माल सुधारावा म्हणून. याच संस्थेने २००५ साली मांडलेली ‘डबल डायमंड’ आकृती, म्हणजे शेजारी शेजारी दोन हिरे, आता डिझाइनच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते. त्यातला पहिला हिरा सगळाच्या सगळा प्रश्न नीट ओळखण्यासाठी आहे. उत्तर शोधायचं ते दुसऱ्यात. आपण बहुतेक जण थेट दुसऱ्यात उडी मारतो, कारण मजा तिथेच असते.

धंद्याकडे काणाडोळा झाला की काय होतं, याचा ठळक दाखला म्हणजे २००९ सालचा ट्रॉपिकाना हा संत्र्याच्या रसाचा ब्रँड. संत्र्यात खुपसलेली स्ट्रॉ ही त्या खोक्याची ओळख. नव्या डिझाइनमध्ये ती गेली आणि रसाचा ग्लास आला. सुटसुटीत, आधुनिक वगैरे. पण घाईत खरेदी करणाऱ्याला शेल्फवर नेहमीचं खोकं सापडेना. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुनं पॅकिंग परत आणलं. ती स्ट्रॉ चित्र म्हणून कशी होती हा प्रश्नच नव्हता. ती गिऱ्हाईक धरून ठेवत होती.

आता आपल्या खिशाची गोष्ट, कारण धंदा समजणं यात स्वतःचा धंदाही आला. १९७१ साली कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीला नायकीच्या चिन्हाचे ३५ डॉलर मिळाले. कंपनीने पुढे तिला शेअर दिले, पण ती कंपनीची मर्जी. १९८६ साली पॉल रँड या ग्राफिक डिझायनरने स्टीव्ह जॉब्सच्या ‘नेक्स्ट’ या कॉम्प्युटर कंपनीच्या लोगोचे एक लाख डॉलर घेतले, आणि पर्याय दिला एकच. एक विद्यार्थिनी, दुसरा मुरलेला उस्ताद, तेव्हा ही तुलना थोडी अन्यायाची आहे, मान्य. पण रँडने ताशी दर लावला नव्हता. कंपनीचा प्रश्न सोडवण्याची किंमत त्याने आधीच सांगितली होती. आमच्याकडेही करारात काम कुठे, किती वर्षं वापरलं जाणार आणि किती वेळा बदल करून मिळणार, हे आधी लिहिलेलं असतं. ते कलम डिझायनर स्वतः वाचतात.

याचा अर्थ एमबीएची भाषा फेकत फिरावं असा मुळीच नाही. तसे नमुने इथेही पैशाला पासरी आहेत. स्लाइडवर बाण काढतात आणि अक्षरांमधलं अंतर बघायची वेळ आली की फोन येतो. हात चांगलाच हवा.

पोर्टफोलिओ, म्हणजे मुलाखतीला दाखवायचे कामाचे नमुने, याबद्दल विचारणाऱ्यांना म्हणून सांगते, सुंदर स्क्रीन दहाऐवजी चारच ठेवा. प्रत्येकीखाली लिहा: कंपनीला काय अडत होतं, तुम्ही कोणता पर्याय सोडून दिला आणि का. माझ्या मुलाखतीत बराचसा वेळ त्या सोडून दिलेल्या पर्यायांवरच गेला होता.