एकट्याच?

लॉजच्या किल्लीला एवढा मोठा लाकडी ठोकळा का, हे लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं. "खिशात मावू नये म्हणून," ते म्हणाले. दर दोन-तीन वर्षांनी आम्ही कोल्हापूरला जायचो. अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर भेळ, आणि महाद्वार रोडजवळच्या एका लॉजमध्ये मुक्काम. आमच्या ठोकळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं 11 लिहिलेलं असायचं. देवळात जाताना किल्ली काउंटरवर द्यायची, मॅनेजर ती मागच्या फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. मान वळवली की त्याला सगळ्या लॉजची हजेरी दिसायची: कोण आत, कोण बाहेर, कुठली खोली रिकामी.

खोली मिळण्याआधी रजिस्टर. लांबलचक, कडा फाटलेलं, दोऱ्यानं पेन बांधलेलं. रकाने ठरलेले: नाव, वय, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण. वडील सुवाच्य अक्षरात 'देवदर्शन' लिहायचे. मॅनेजर ते समोरून, म्हणजे उलटं वाचायचा. "सांगलीचे? सांगलीत कुठं?" "विश्रामबाग." "मग मारुतीच्या देवळाकडं की स्टेशनकडं?" दहा मिनिटांत कुणाच्या तरी मेव्हण्याचा कुणीतरी ओळखीचा निघायचा आणि माझ्यासाठी जादा गादी फुकट वर यायची. पहाटे पाचला गरम पाण्याची बादलीसुद्धा. आईला हे सगळं फार अवडंबर वाटायचं. मला मात्र वाटायचं, परगावी गेलं की लोक असेच चौकशा करतात आणि मग गादी मिळते.

पुढे मी सहकारी पतसंस्थांचं ऑडिट करू लागले. लातूर, बार्शी, जत, पंढरपूर. तसंच रजिस्टर, तसेच रकाने, मॅनेजरही बहुधा त्याच वळणाचा. प्रश्न मात्र बदलला.

"एकट्याच?"

हो म्हटलं की पुढचा प्रश्न: "मागून कुणी येणार आहे का?" नाही म्हटलं की तो रजिस्टर जवळ ओढून घ्यायचा. एका तालुक्याच्या गावी, रात्री नऊ वाजता, मला सांगण्यात आलं की रूम शिल्लक नाही. सांगणाऱ्याच्या पाठीमागच्या फळीवर सात किल्ल्या लटकत होत्या. मी मोजल्या. ऑडिटरची सवय. त्या रात्री पतसंस्थेच्या शिपायाच्या बहिणीकडे झोपले आणि तिनं करून घातलेली गरम भाकरी अजून आठवते, पण तो वेगळा विषय झाला.

खोली मिळाली तरी झोप कुठली? रात्री दाराला टेबल लावायचं, टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवायचा. दार हललं तर तांब्या पडेल हा हिशेब. कारण ठोकळ्याची किल्ली कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याकडे नेली की चहा पिऊन होईतो तिची जुळी बहीण तयार. माझ्या आधी त्या खोलीत कोण उतरलं होतं आणि त्यानं जाताना काय नेलं होतं, कुणाला माहीत?

म्हणून नॉर्वेच्या तोर सोर्नेस या माणसाचे मी आभार मानते. 1970 च्या दशकात त्यानं हॉटेलांसाठी भोकाभोकांच्या प्लॅस्टिक कार्डाचं कुलूप काढलं. कार्डावर 32 जागा, प्रत्येक जागी भोक आहे किंवा नाही. एवढ्यावरून 4 अब्ज 29 कोटींहून अधिक वेगवेगळी कार्डं होतात. पण खरी गंमत आकड्यात नाही. नवा पाहुणा आला की त्याच्यासाठी नवं कार्ड, आणि त्याच्या जोडीचं कार्ड दाराच्या आतल्या बाजूनं कुलपात घातलं की आधीच्या पाहुण्याचं कार्ड मेलं. पुढे भोकांच्या जागी चुंबकी पट्टी आली, मग नुसतं टेकवायचं कार्ड आलं, आता काही ठिकाणी मोबाइलच किल्ली झालाय. तत्त्व तेच राहिलं: कालचा माणूस आज आत येऊ शकत नाही. दाराला टेबल लावणं मी कधी थांबवलं ते नेमकं आठवत नाही, पण हातात कार्ड आल्यानंतरच.

कार्डाचे तापही आहेत. पर्सच्या चुंबकी बटणाशी घसटून पट्टीतलं सगळं पुसलं जातं आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पाचव्या मजल्यावरून परत खाली यावं लागतं. दाराशेजारच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय दिवे-एसी चालत नाहीत, म्हणजे आपण बाहेर पडलो की खोली तापायला लागते. त्यावर माझ्याकडे उपाय आहे, एका किराणा दुकानाचं सवलतीचं जुनं कार्ड. बहुतेक खाचांना आत काय घातलंय याच्याशी देणंघेणं नसतं. एवढी एक अप्रामाणिकता मी व्यवसायात राहूनही करते.

अलीकडे तर काउंटरवरचा माणूसच गेला. गेल्या वर्षी एका शहरात उतरले, तिथे माणसाच्या जागी उभा टॅब. त्यानं बुकिंगचा नंबर मागितला, ओळखपत्र दाखवायला सांगितलं, माझा एक भयंकर फोटो काढला आणि चार मिनिटांत खालून कार्ड सरकवलं. 'येण्याचे कारण' नाही. 'कोठे जाणार' नाही. भुवई नाही, कारण भुवयाच नाहीत. त्याच्या लेखी मी एक पाहुणा, एक रात्र, नाश्त्यासह. लिफ्टमध्ये मला चक्क हसू आलं. वीस वर्षं मी ज्याची वाट पाहत होते तो सुसंस्कृत मॅनेजर अखेर भेटला होता, आणि तो काचेचा होता.

काम संपवून रात्री अकराला परतले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. टेबलावर चौकोनी ठिपक्यांचा छाप. जपानमध्ये 1994 साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला काढलेला हा क्यूआर कोड आता आपल्याला जेवू घालतो. तो स्कॅन केला. मेन्यू उघडला, फोटो सुरेख, आणि वर एक पट्टी: स्वयंपाकघर साडेदहाला बंद. मदतीच्या चॅटवर लिहिलं, काही मिळेल का? तत्काळ उत्तर आलं की माझ्या सूचनेची नोंद घेतली आहे. बॅगेतला राजगिऱ्याचा लाडू खाऊन झोपले. कोल्हापूरचा तो चौकस, आगाऊ मॅनेजर आठवला. त्यानं आधी मी सांगलीत कुठली ते विचारलं असतं, मग पोऱ्याला हाक मारून कुठून तरी मिसळ-पाव मागवला असता.

यंत्रांना चौकशा करायला शिकवून पाहिलेलंच आहे. जपानमध्ये नागासाकी प्रांतात 2015 साली 'हेन ना' नावाचं हॉटेल निघालं, रोबोंनी चालवलेलं. काउंटरवर एक डायनोसॉर. खोलीत एक बाहुली, बोललं की उत्तर देणारी. ती घोरणाऱ्या माणसाचं घोरणं म्हणजे आपल्याला काही विचारतायत असं समजायची आणि त्याला उठवून म्हणायची, नीट कळलं नाही, पुन्हा सांगा. आमचे वडील तिथे उतरले असते तर रात्रभर संवाद रंगला असता. 2019 मध्ये त्या हॉटेलनं 243 पैकी निम्म्याहून अधिक रोबो काढून टाकले. दुसरी गोष्ट ऑस्ट्रियाची. तिथल्या डोंगरातल्या एका हॉटेलच्या संगणकांवर 2017 च्या सुमारास खंडणीखोरांनी ताबा मिळवला. खोल्यांची नवी कार्डंच तयार होईनात. पाहुणे खोल्यांत कोंडले गेले अशी बातमी जगभर पसरली, ती खरी नव्हती, पण काउंटरवर काय गत झाली असेल! मालकानं सुमारे 1500 युरो बिटकॉइनमध्ये मोजले आणि सांगून टाकलं की पुढच्या दुरुस्तीच्या वेळी साधी कुलपं बसवणार. पणजोबांच्या काळची.

हे वाचताना मला मौज वाटली होती. गेल्या मार्चमध्ये मालवणजवळ एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचले आणि ती मौज उतरली. मालक मुंबईत. दाराला आकड्यांचं कुलूप. सहा आकडी कोड व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, दुपारी एक ते दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत चालणारा. मी तो दाबला. कुलूप काही बोललं नाही. सेल संपले होते की खाऱ्या वाऱ्यानं आत काही गंजलं होतं, देव जाणे. अंधार पडत आलेला, रेंज एक दांडी, ती पण येऊन-जाऊन. अंगणात उभं राहून, हात वर करून फोन लावला. मालक म्हणाला, "ताई, घाबरू नका, त्या आकड्यांच्या खाली झाकण आहे, त्यात किल्लीचं भोक आहे. किल्ली शेजारी आईकडे. पाठवतो तिला."

पाच मिनिटांनी माडांमधून बॅटरीचा उजेड हलत हलत आला. सत्तरीच्या पुढची म्हातारी, नेसू आखूड, पदराच्या टोकाला गाठ. तिनं बॅटरी आधी कुलपावर मारलीच नाही, माझ्या तोंडावर मारली. मग माझ्या मागे, गाडीकडे, रस्त्याकडे.

"एकटीच इलंस काय गो?"

मी काही म्हणायच्या आत दुसरा प्रश्न आला.

"आणि जेवलंस?"

हो म्हणाले, आणि मग नाही म्हणाले. तिनं गाठ सोडली, झाकण नखानं उचकटलं, दार उघडलं आणि आत जाऊन दिवा लावला. किल्ली पुन्हा पदरात बांधली. "हातपाय धू नि ये," ती माडांकडे वळता वळता म्हणाली, "पेडव्याचं सार आसा, भात पुरतलो."