चिंचेतले दोन च

लेक पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीआधी तिची वही घरी आली, ती लाल फुल्यांनी भरलेली. ‘पानी’, ‘लोनी’, ‘कोन’. मी तिला दहा वेळा ‘पाणी’ लिहायला बसवलं. तिनं मुकाट्यानं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘पानी’च.

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, “पानी दे गं बाई.” ऐकलं आणि माझा हात थांबला. आमच्या परभणीकडच्या खेड्यात घरोघरी असंच बोलतात, घाईत मीही. लेकरानं ऐकलं तेच तर लिहिलं होतं! त्या दहा ओळींचं मला आजही वाईट वाटतं.

मग महिनाभर लिहिणं बाजूला ठेवलं. मी ज्वारीची भाकरी थापायची, ती शेजारी बसायची. मी शब्द म्हणायचा, तिनं अक्षरागणिक टाळी वाजवायची. क-म-ळ, तीन टाळ्या. न आणि ण साठी हातात आरसा दिला. न म्हणताना जीभ दातांमागे टेकते, ण म्हणताना टोक वर टाळूकडं वळतं. तोंड उघडं ठेवून तिनं पाच-सहा वेळा करून पाहिलं आणि ओरडली, “मम्मी, जीभ उलटी झाली!” त्यानंतर ण कुठं आहे हे तिला सांगावं लागलं नाही.

फाल्गुनात अंगणात चिंचा फोडत बसलो होतो. चिंचोके वेगळे करता करता ती म्हणाली, “चिंचमधले दोन च एकसारखे नाहीत.” मी दोनदा म्हणून पाहिलं. खरंच, पहिला चहातला, दुसरा चमच्यातला! तीस वर्षं हा शब्द बोलते आहे, माझ्या कधी कानावर आलं नव्हतं. मग तिनं टिंबाचाही पिच्छा पुरवला. आंब्यात ते म् होतं, घंटेत ण्, चिंचेत न्. एकाच ठिपक्याला इतके आवाज.

वेलांटीनं मात्र रडवलं. ‘विहीर’मध्ये आधी व ऐकू येतो आणि ऱ्हस्व वेलांटी काढायची त्याच्या डावीकडं. ती उजवीकडं काढायची, म्हणजे सगळ्याच वेलांट्या दीर्घ. अक्षर आधी काढ, मग डावीकडं वेलांटी दे, एवढं सांगितल्यावर जमलं. रफार लवकर आला.

ऱ्हस्व-दीर्घासाठी पुन्हा कानाकडंच वळलो. ‘फूल’ लांब, ‘फुलाला’ तोकडं. ‘पीठ’ लांब, ‘पिठात’ तोकडं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे जे नियम सरकारनं १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये चार वाढवून अठरा केले, त्यात हेच आहे. पण शब्दाच्या शेवटी कान कामाला येत नाही. तिथं वही, चाकू, पाणी सगळं दीर्घच लिहायचं. “मग ‘आणि’ का नाही?” तिनं लगेच धरलं. तो अपवाद आहे, पाठच करायचा, असं मी सरळ सांगितलं. प्रत्येक गोष्टीला कारण असल्याचं सोंग लेकरापुढं करू नये, असं मला वाटतं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी माझ्या मोबाईलखाली चिठ्ठी सापडली : ‘मम्मी, आजीला पाणी आणि गोळी दिली.’ मी बाहेर आले, तर ती आजीला विचारत होती, “अजून पानी देऊ का?”