खर्जाची तार आणि आठ फुटांची खोली

अप्पांचा तंबोरा माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. इथल्याच, मिरजेच्या कारागिरांनी घडवलेला, काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला लावलेला. अप्पांनी गेल्या वर्षी सत्तरी ओलांडली. गळा साथ देतोय तोवर त्यांचं गाणं घरीच नीट रेकॉर्ड करून ठेवायचं, असं मी दिवाळीत ठरवलं. स्टुडिओत तासाचं भाडं चढत असताना अप्पा मोकळेपणी गाणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

हाताशी वीस हजार होते. त्यात कंडेन्सर माइक, त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज (फँटम पॉवर) देऊन त्याचा आवाज लॅपटॉपमध्ये पोचवणारा ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, स्टँड आणि केबल एवढं बसलं. लॅपटॉप जुनाच. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर म्हणून रीपर घेतलं. ते ६० दिवस वापरून बघता येतं, मग घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. पंखा बंद, खिडकी बंद, तरी अप्पांचा आवाज न्हाणीघरातून आल्यासारखा. आणि तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पहिली पंचमाची नि मधल्या दोन, जोडाच्या, सुरेल, पण शेवटची, सर्वांत खालच्या सुराची खर्जाची तार छेडली की ढुम्म! बाकीच्या तारा त्याखाली गडप. दुकानदार म्हणाला, याच्या वरचा माइक घ्या. मी जवळजवळ घेतलाच होता.

त्याआधी आईच्या चार गोधड्या काढल्या आणि दोरीवर अप्पांच्या मागे नि दोन्ही बाजूंना टांगल्या. घुमारा तिथल्या तिथे कमी झाला, शब्द स्वच्छ ऐकू यायला लागले. खर्ज मात्र जसाच्या तसा. गोधडी वरच्या, बारीक आवाजांना आवरते. खर्जाच्या लांब लहरीपुढे तिचं काही चालत नाही.

मग टेप घेऊन खोली मोजली. रुंदी आठ फूट. काळी एकचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा, त्याची लहर सोळा फुटांच्या आसपास. म्हणजे खोली बरोबर तिच्या निम्मी! असा सूर दोन भिंतींमध्ये उभा राहतो. भिंतीलगत तो सर्वांत जास्त गरजतो, मधोमध सर्वांत क्षीण होतो. आणि मी टेबलाच्या सोयीसाठी माइक भिंतीलाच चिकटवून ठेवला होता.

त्या रात्री अप्पा नुसता तंबोरा छेडत बसले आणि मी हेडफोन लावून, माइक हातात धरून, वीत वीत सरकत गेले. भिंतीपासून दोन फुटांवर ढुम्म विरला. अगदी मध्यावर खर्ज पोकळ वाटला. मध्यापासून फूटभर अलीकडे चारही तारा एकमेकींत मिसळल्या. तिथे फरशीवर खडूने फुली मारली. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "थांब, जवारी उतरलीय." जवारी म्हणजे तारेचा खुला, झणकारता नाद. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरचा, तारेखालचा दोरा त्यांनी नखाने केसभर पुढे सारला, आणि हेडफोनमध्ये तार अशी उघडली की अंगावर काटा आला. हा फरक नुसत्या कानाने मला इतकी वर्षं कधी कळला नव्हता.

बाकीचं पटकन सांगते. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असला की बारीक घूं येते; बॅटरीवरच रेकॉर्ड करा. माइकची पातळी अप्पांच्या तार षड्जाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या सा-ला धरून लावली, तिथेही मीटर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी. घर रेल्वेजवळ, म्हणून वेळ पहाटेची, गाड्यांच्या मधली.

हे सगळं माइकवर आणखी दहा हजार घालूनही मिळालं नसतं, असं मी छातीठोकपणे सांगेन. आधी खोली मोजा, गोधड्या टांगा, माइक हातात घेऊन फिरा.

पुढच्या आठवड्यात अप्पांना ललत राग गायचाय. ललतात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमाला उतरवायची. खडूची फुली तिथेच राहते की हलते, ते तेव्हा पुन्हा ऐकून बघायचं.